सुरश्री केसरबाई केरकर

उमरीच्या आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येतात. दिवसभर कापूस वेचतात, तरी वर्ग चुकवीत नाहीत. परवा मात्र त्यांनी पाटी बाजूला सारली आणि म्हणाल्या, "गुरुजी, माझी पन्नाशी उलटली. आता अ आ गिरवाय बसले तर घरचे पोरं हासालेत. वाळलं लाकूड वाकतंय का कुठं?"

वर्गातल्या चार-पाच जणींनी माना खाली घातल्या. त्यांच्याही मनात तेच होते. आम्हाला तेव्हा नीट उत्तर सुचले नाही. घरी गेल्यावर एका बाईंची आठवण झाली. त्या मोठ्या गायिका होत्या. वीस वर्षे गाणे शिकून झाल्यावर त्यांनी ते सारे बाजूला ठेवले आणि पुन्हा पहिल्यापासून शिकायला सुरुवात केली. पन्नाशी उलटली तरी त्यांचे शिकणे चालूच होते. त्यांचे नाव केसरबाई केरकर. त्यांची हकीकत हेच आमचे उत्तर. म्हणून हा पाठ लिहिला आहे.

१. केरी गावची मुलगी

गोव्यात फोंडा नावाचा तालुका आहे. डोंगर, माड, सुपारीच्या बागा आणि मोठमोठी देवळे असा तो मुलूख. लता मंगेशकर यांचे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यांच्या वडिलांचे मंगेशी गावही याच तालुक्यात आहे. याच तालुक्यात केरी नावाचे गाव आहे. तिथे १३ जुलै १८९२ रोजी केसरबाईंचा जन्म झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते.

केसरबाई कलावंत समाजात जन्मल्या. हा समाज कोणता, ते समजून घेतले पाहिजे. गोव्याच्या देवळांत देवापुढे गाणे आणि नाच करण्याची सेवा काही घराण्यांकडे होती. त्या घरच्या मुली ही सेवा करीत. त्यांचे रीतसर लग्न होत नसे. पोटासाठी एखाद्या श्रीमंताच्या आश्रयाला राहावे लागे. आपल्याकडे मुरळी आणि जोगतीण यांच्या वाट्याला जे आले, तेच थोड्या वेगळ्या रीतीने त्यांच्या वाट्याला आले. लोक त्यांचे गाणे ऐकायला गर्दी करीत. गाणे संपले की त्यांनाच नावे ठेवीत.

बाईने चारचौघांत गाणे म्हणजे वाईट, ही समजूत फक्त आपल्याकडेच होती असे नाही. वायव्येकडे पठाणांच्या मुलखात गाणाऱ्या बायांनी असाच त्रास सोसला. अफगाणिस्तानात तालिबान सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये कायदाच केला. बाईचा गाण्याचा आवाज परक्याच्या कानी पडता कामा नये, असे त्यात सांगितले. तेव्हा ही गोष्ट फार जुनी झाली, असे समजू नका.

केसरबाईंपुढे दोनच वाटा होत्या. जसे चालत आले तसे चालू द्यायचे, ही एक. किंवा गाण्याची विद्या इतकी पक्की करायची, की नावे ठेवणाऱ्याचे तोंड बंद व्हावे, ही दुसरी. त्यांनी दुसरी वाट धरली.

२. थोडे इथे, थोडे तिथे

वयाच्या आठव्या वर्षी केसर कोल्हापूरला आली. तिथे अब्दुल करीम खाँ या मोठ्या गवयांकडे तिने आठ महिने शिक्षण घेतले. मग ते थांबले. ती गोव्याला परतली. रामकृष्णबुवा वझे हे नामांकित गवई अधूनमधून गोव्यात येत. ते आले की ती त्यांच्याकडे शिके. ते गेले की शिकणे बंद.

सोळा वर्षांची झाल्यावर ती आई आणि मामा यांच्याबरोबर मुंबईला आली. मुंबईत एका धनिक व्यापाऱ्याने मदत केली. बर्कतुल्ला खाँ हे सतार वाजवणारे मोठे कलावंत होते. त्यांच्याकडे सुमारे दोन वर्षे मधून मधून शिकवणी झाली. मग ते म्हैसूर दरबारी गेले. पुढे भास्करबुवा बखले यांच्याकडे थोडे दिवस झाले. वझेबुवांकडे आणखी थोडे झाले.

वाचकहो, यातले एकेक नाव डोंगराएवढे आहे. सारेच गुरू थोर होते. पण शिकणे तुकड्यातुकड्यांनी झाले. शेतकऱ्याला हे चटकन समजेल. विहीर खणताना इथे दहा हात खणले, तिथे दहा हात खणले, तर पाणी कुठेच लागत नाही. घाम मात्र सगळीकडे गळतो.

केसरबाईंना आपली उणीव कळली होती. गळा चांगला होता. ऐकणारे वाहवा करीत होते. पण आतून त्यांना ठाऊक होते, की पाया कच्चा आहे. स्वतःची उणीव स्वतःला कळणे ही शिक्षणाची पहिली पायरी आहे. ती वर्गात येण्याआधीच चढावी लागते. रात्रीच्या वर्गाला येणारा प्रत्येक जण ती चढून आलेला असतो.

३. पुन्हा 'आ' पासून

त्या काळी अल्लादिया खाँ हे गवयांचे गवई मानले जात. ते मूळचे राजस्थानकडचे. कोल्हापूरला छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारी ते गायक होते. त्यांच्या गाण्याच्या रीतीला जयपूर घराणे म्हणतात. घराणे म्हणजे गाण्याची वडिलोपार्जित रीत. ती गुरूकडून शिष्याकडे जाते.

अल्लादिया खाँसाहेबांची एक गोष्ट सांगतात. तरुणपणी फार गाऊन गाऊन त्यांचा आवाज बसला. तो पहिल्यासारखा कधी परत आला नाही. दुसरा कोणी असता तर गाणे सोडून घरी बसला असता. खाँसाहेबांनी त्या बसलेल्या आवाजाला साजेल अशी गाण्याची नवी रीत बसवली. तीच पुढे त्यांच्या घराण्याची ओळख झाली. म्हणजे हे गुरू स्वतःच एकदा पडून पुन्हा उभे राहिले होते.

१९२१ साली केसरबाई त्यांच्या शिष्या झाल्या. हे सहज घडले नाही. खाँसाहेब सहसा कोणाला शिकवायला तयार होत नसत. पुष्कळ मिनतवाऱ्या झाल्या, तेव्हा त्यांनी होकार दिला. मग गंडा बांधण्याचा विधी झाला. गंडा म्हणजे गुरूने शिष्याच्या मनगटाला बांधलेला दोरा. त्या दोऱ्याने दोघेही बांधले जातात. गुरूने विद्या द्यायची, शिष्याने कष्ट करायचे.

त्या वेळी केसरबाईंना अठ्ठाविसावे वर्ष सरून एकोणतिसावे लागले होते. गुरूंचे वय पासष्टीच्या घरात होते. गुरू मुसलमान, शिष्या हिंदू. पण विद्येच्या दारात जात कोणी विचारीत नाही. ज्याच्याजवळ आहे त्याने द्यावे आणि ज्याला हवे त्याने वाकून घ्यावे, एवढाच तिथला नियम.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. या घराण्याच्या गाण्याचा पाया म्हणजे 'आकार'. आकार म्हणजे तोंड नीट उघडून, मोकळ्या गळ्याने 'आ' म्हणत सूर लावणे. आपण बाराखडी शिकताना जो 'आ' गिरवला, तोच हा 'आ'. तंबोऱ्याच्या तारा छेडायच्या, त्यांच्या सुरात सूर मिसळायचा आणि 'आ' म्हणत राहायचे. सूर हलता कामा नये. श्वास मध्येच तुटता कामा नये. एक सुरावट बसेपर्यंत ती शेकडो वेळा घोटायची. ती बसली की दुसरी.

वीस वर्षे गाणे शिकलेली बाई रोज तासन्तास 'आ' म्हणत बसते, हे डोळ्यांपुढे आणा. शेजारीपाजारी काय म्हणाले असतील? इतकी वर्षे शिकून अजून 'आ'च चाललाय, असे कोणी ना कोणी म्हटलेच असेल. त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही. त्यांना पाया घालायचा होता. पाया जमिनीच्या खाली असतो, तो लोकांना दिसत नाही. घर मात्र त्याच्यावरच उभे राहते.

ही कडक तालीम अकरा वर्षे चालली. तालीम म्हणजे गुरूने समोर बसवून करून घेतलेला सराव. त्यानंतरही केसरबाईंनी शिकणे सोडले नाही. गुरू थकले, आजारी राहू लागले, तरी त्या शिकतच राहिल्या. १६ मार्च १९४६ रोजी खाँसाहेब वारले. त्या वेळी केसरबाईंचे वय त्रेपन्न वर्षांचे होते. तोवर त्यांचे नाव सगळ्या हिंदुस्थानात झाले होते. तरी गुरू होते तोवर त्या शिष्याच होत्या.

पाटी बाजूला सारणाऱ्या आमच्या बाईंनी हा आकडा ध्यानात ठेवावा. त्रेपन्न.

४. सुरश्री

एवढ्या कष्टांनंतर केसरबाईंचे गाणे कसे झाले? आपल्या गावात पहाटे काकडा होतो. एखादा म्हातारा टाळकरी डोळे मिटून असा काही सूर लावतो, की शेजारचा बोलायचा थांबतो. केसरबाई गाऊ लागल्या की मोठमोठ्या सभांत तसे होई. आवाज भरदार आणि मोकळा. श्वास इतका लांब, की ऐकणाऱ्याचाच जीव घाबरा व्हावा. कठीण राग त्या सहज गात.

संस्थानिकांनी त्यांना बोलावले. मोठ्या शहरांतल्या संगीत परिषदांत त्या गायल्या. थोर कवी रवींद्रनाथ टागोर यांना त्यांचे गाणे फार आवडले होते. १९४८ साली कलकत्त्याच्या संगीतप्रेमी लोकांनी त्यांना 'सुरश्री' ही पदवी दिली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण केले. त्याच साली महाराष्ट्र सरकारने त्यांना 'राज्यगायिका' म्हणून मान दिला.

केसरबाईंचा स्वभाव करारी होता. मैफलीत कोणी कुजबुजलेले त्यांना खपत नसे. ऐकायचे तर नीट बसून ऐका, असा त्यांचा बाणा. काही लोक याला गर्व म्हणत. आम्हाला तसे वाटत नाही. ज्या समाजातल्या बायांना लोकांनी करमणुकीची वस्तू मानले, त्या समाजातली बाई मान ताठ ठेवून सभेला गप्प बसवते, याचा अर्थ निराळा आहे. तो मान तिने कोणाकडे मागितला नव्हता. विद्येने मिळवला होता.

५. आभाळात गेलेला आवाज

आता एक नवलाची गोष्ट ऐका. ती खरी आहे, बरं का.

१९७७ साली अमेरिकेने दोन याने आकाशात सोडली. याने म्हणजे माणसे नसलेली, दूर जाणारी यंत्रे. त्यांचे नाव व्हॉयेजर. एक २० ऑगस्टला सुटले, दुसरे ५ सप्टेंबरला. गुरू, शनी अशा ग्रहांना जवळून पाहायचे आणि तसेच पुढे निघून जायचे, परत यायचे नाही, असा बेत होता.

तेव्हा शास्त्रज्ञांच्या मनात एक विचार आला. न जाणो, लाखो वर्षांनी दुसऱ्या कुठल्या जगात ही याने कोणाला सापडली, तर पृथ्वीवर कोण राहत होते हे त्यांना कळावे. म्हणून प्रत्येक यानावर एक तांब्याची तबकडी बसवली. तिला सोन्याचा मुलामा दिला. तबकडीत पृथ्वीवरची शंभराहून अधिक चित्रे आहेत. पावसाचा, पाखरांचा आवाज आहे. ५५ भाषांत नमस्कार आहे. त्या ५५ भाषांत आपली मराठीही आहे. आणि साऱ्या जगातून निवडलेले सुमारे दीड तासाचे संगीत आहे.

त्या संगीतात भारतातले एकच गाणे घेतले. ते केसरबाई केरकर यांचे. 'जात कहाँ हो' ही भैरवी रागातली चीज. साधारण साडेतीन मिनिटांची. पूर्वीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तेवढेच गाणे मावत असे.

हे गाणे मिळवतानाही शास्त्रज्ञांची दमछाक झाली. ती जुनी तबकडी बाजारात मिळेना. शेवटी न्यूयॉर्क शहरात एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखाली पडलेल्या खोक्यात ती सापडली. तिथून ते गाणे आभाळात गेले.

दुसरे यान सुटले आणि अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई वारल्या. त्यांचे वय ८५ होते. आवाज मात्र पुढे निघाला. ५ सप्टेंबरला सुटलेल्या यानाने २०१२ साली सूर्याच्या वाऱ्याची हद्दही ओलांडली. ते आता आपल्यापासून २,४०० कोटी किलोमीटरांहून जास्त दूर आहे. उमरीहून मुंबईला जायला आगगाडीत एक रात्र जाते. प्रकाशाचा वेग सगळ्यांत जास्त. त्या वेगाने निघालेल्या निरोपालाही त्या यानापर्यंत पोचायला २२ तासांहून जास्त वेळ लागतो. इतक्या दूर केरी गावच्या एका बाईचा 'आ' गेला आहे.

६. कुलूप आणि किल्ली

थोर माणसाचे सगळेच वागणे बरोबर असते असे नाही. तेही सांगितले पाहिजे, नाही तर पाठ अर्धा राहील.

केसरबाईंनी आपली विद्या फार कोणाला दिली नाही. तबकड्याही मोजक्याच काढल्या. आपले गाणे कुठेही, कसेही वाजावे हे त्यांना आवडत नसे. १९६० नंतर काही वर्षांतच त्यांनी मैफलींत गाणे थांबवले. मनासारखी शिष्या अशी एकच मिळाली. त्या कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी. त्यांनी ती विद्या सांभाळली आणि पुढे इतरांना शिकवली. धोंडूताई २०१४ साली वारल्या.

विचार करा. एवढ्या कष्टांनी मिळवलेली विद्या एका धाग्यावर लोंबकळत होती. तो धागा तुटला असता तर? पैसा पेटीत ठेवला तर निदान तेवढाच राहतो. विद्या पेटीत ठेवली तर संपते. आमचे म्हणणे असे, की शिकण्यात केसरबाईंचा कित्ता गिरवा. शिकवण्यात मात्र हात मोकळा ठेवा. ज्याला दहा अक्षरे येतात त्याने पाच येणाऱ्याला शिकवावे.

केसरबाईंच्या गावाने पुढे चांगले काम केले. केरीला त्या राहत होत्या त्या घराच्या जागेवर आता शाळा आहे. तिला त्यांचेच नाव दिले आहे, सुरश्री केसरबाई केरकर हायस्कूल. ज्या समाजातल्या मुलींना एके काळी देवळाच्या सेवेखेरीज दुसरी वाट नव्हती, त्याच समाजातल्या बाईच्या घराच्या जागेवर आज गावची मुलेमुली बाके लावून शिकतात.

७. पाटी पुन्हा हातात

ही हकीकत आम्ही वर्गात वाचून दाखवली. पाटी बाजूला सारणाऱ्या बाई लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एवढेच विचारले, "गुरुजी, त्या बाईला लाज वाटली नसंल का?"

आम्ही म्हणालो, "वाटली असेल. पण लाजेपेक्षा उणीव जास्त टोचली असेल."

बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग पाटी ओढून घेतली आणि 'आ' काढला. काना जरा वाकडा आला. तो पुसून त्यांनी पुन्हा काढला. दुसऱ्या दिवशी त्या येताना जावेला बरोबर घेऊन आल्या.

वाळलेले लाकूड वाकत नाही, हे खरे. पण माणूस म्हणजे लाकूड नव्हे. जोवर श्वास आहे तोवर माणसाला वाकता येते, शिकता येते. कोणी हसले तर हसू द्यावे. ते हसणे फार दिवस टिकत नाही, शिकलेले अक्षर मात्र जन्मभर साथ देते.

विचार करा, बोला, लिहा

१. केसरबाईंचा जन्म कोणत्या गावी झाला? तो मुलूख तेव्हा कोणाच्या राज्यात होता?

२. पहिल्या वीस वर्षांत केसरबाईंचे शिकणे पक्के का झाले नाही?

३. 'आकार' म्हणजे काय? तुम्हीही मोकळ्या गळ्याने 'आ' म्हणून पाहा. एका श्वासात किती वेळ टिकतो ते मोजा.

४. १९२१ साली गुरू आणि शिष्या यांची वये काय होती? १९४६ साली केसरबाईंचे वय किती होते? वजाबाकी करून पाहा.

५. केसरबाईंनी फार कोणाला शिकवले नाही. हे तुम्हाला बरोबर वाटते का? वर्गात दोन्ही बाजूंनी बोला.

६. तुमच्या घरात किंवा गल्लीत जात्यावरची ओवी, पाळणा किंवा भारूड येणारी एखादी म्हातारी असेल. तिच्याजवळ बसा. तिला येते त्यातले एक गाणे ऐका आणि आपल्या हाताने वहीत उतरवून घ्या. खाली तिचे नाव आणि गाव लिहा.